चौघांतला एक

त्या महिन्यात तिच्याकडे नवे पेशंट चार आले. त्यांतला एक खोटा होता.

खोलीत बाकी सगळं मोजून-मापून होतं. दोन खुर्च्या, मध्ये पाच फूट अंतर. एक घड्याळ, पेशंटच्या पाठीमागे. टिश्यूचा एक डबा. भिंतीवर फ्रेममध्ये तिचा समुपदेशनाचा परवाना आणि त्यावर अगदी बारीक अक्षरांत मुदतीची तारीख. एकवीस दिवस उरले होते.

मुदत वाढवण्याआधी परवाना देणारी परिषद एक परीक्षक पाठवायची, पेशंट बनवून. कोण आणि कधी, ते कळत नसे. गुण मात्र रजिस्टर पोस्टाने थेट हातात. सत्तरला पास. मागच्या खेपेला तिला चौसष्ट मिळाले होते, कारण जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलचा प्रश्न तिने थेट विचारला नव्हता. दुसऱ्यांदा नापास म्हणजे परवाना रद्द. अकरा वर्षांच्या कामाला कुलूप.

"ओळखायचा कसा हो?" तिने शेजारच्या खोलीत बसणाऱ्या मोठ्या बाईंना विचारलं. याच कामात त्यांचे केस पिकले होते.

"अगं, सोपं आहे. खरा माणूस गोंधळतो. नकली पाठ करून आलेला असतो. वेळेवर येतो, आणि रडताना नाक ओढत नाही."

पहिली आली ती कॉलेजातली मुलगी. ती तासभर नाक ओढत होती. दुसरं एक जोडपं, ते आपसांतच इतकं भांडलं की तिला तोंड उघडायला फट मिळाली नाही. मुलगी आणि जोडपं, दोन्ही यादीतून बाद.

तिसऱ्या, साठीतल्या एक मावशी. सोमवारी सकाळी अकराची वेळ. वीस मिनिटं उशिरा, धापा टाकत आल्या.

"चष्मा घरीच राहिला हो. हा कागद तुम्हीच वाचून दाखवा."

तिने संमतिपत्र वाचून दाखवलं. इथलं बोलणं बाहेर जात नाही, हेही समजावलं.

"सुनेलासुद्धा नाही ना कळणार?"

"नाही मावशी."

"मग ऐका." मावशींनी खुर्ची पुढे ओढली. "ती माझे डबे हलवते. सांगून हलव, माझी ना नाही. पण मी मीठ शोधत फिरते आणि ही आपली मोबाइलमध्ये बघून हसते!"

तिला खूप दिवसांनी मोकळं वाटलं. खांदे सैल पडले. मधेच तिने सहज विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का कधी?"

"मला? छे! तिला वाटत असेल."

दोघीही हसल्या. जाताना मावशींनी खुर्चीवरूनच भिंतीकडे बोट केलं. "परवाना संपत आला की तुमचा. विसराल हं."

"विसरते कसली," ती म्हणाली.

चौथा गुरुवारी दुपारी आला. वेळ चारची होती आणि घड्याळात बरोबर चार वाजले होते. तो ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कारकून होता. बसल्या बसल्या त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"झोप, रोज तीन तास. भूक, निम्मी. वजन, सहा आठवड्यांत साडेचार किलो कमी. कशात मन लागत नाही..."

तिने मनात मोजली. नऊ लक्षणं. अभ्यासाच्या पुस्तकात होती तीच, त्याच क्रमाने.

"हे लिहून का आणलंत?"

"मागच्या ठिकाणी म्हणाले, नीट सांगता येत नाही तर येता कशाला. मग वाचनालयात बसून लिहून काढलं."

गोष्ट बरी रचली आहे, तिच्या मनात आलं. ती ताठ बसली आणि समोरच्या तक्त्यातली एकेक चौकट भरू लागली.

"जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?"

"हो."

"कधीपासून?"

"अडीच महिने."

तिने तारीख लिहिली. जवळचं कोण, विचारलं. त्याने भावाचा नंबर दिला. नियमाप्रमाणे तिने त्याच्यासमोरच फोन लावला. घंटी वाजत राहिली.

"कामावर असेल तो," माणूस म्हणाला. "संध्याकाळी लावून बघाल का?"

"हो, हो."

तक्त्यात 'प्रयत्न केला' अशी चौकट होती. तिने खूण केली. मदतीच्या फोनसेवेचा क्रमांक छापलेलं कार्ड त्याच्या हातात दिलं. नियमाप्रमाणे.

उठताना त्याने खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "राहू द्या तुम्हाला. मला आता लागणार नाही."

एका दगडात दोन सापळे! तिला दाद द्यावीशी वाटली. "भेटवस्तू आम्हाला चालत नाही," ती म्हणाली आणि धोक्याच्या खुणांमध्ये पेनाची नोंद केली. "पुढच्या गुरुवारी चारला भेटू."

"सगळं बरोबर विचारलंत," तो दारातून म्हणाला. पेन तिथेच राहिलं.

"गेला एकदाचा!" तिने मोठ्या बाईंना सांगितलं. "शेवटी तर पावतीच देऊन गेला."

"मी म्हटलं नव्हतं?"

संध्याकाळी भावाचा नंबर समोर होता. परिषदेतल्या कुठल्यातरी टेबलावर तो फोन उगाच वाजत बसेल, असं वाटून तिला हसू आलं. तिने तक्ता फाइलला लावला. त्या रात्री ती आठ तास झोपली.

सोमवारी मावशी आल्या नाहीत. सुनेशी पटलं असणार.

गुरुवारी चार वाजले. चार दहा झाले. समोरची खुर्ची रिकामीच. येणार कशाला, काम झालं त्याचं. चार वाजून बावीस मिनिटांनी दारावर टकटक झाली. पोस्टमन होता, हातात रजिस्टर पाकीट. तिने टेबलावरचं ते पेन उचलून सही केली आणि उभ्या उभ्याच पाकीट फोडलं.

परीक्षकाची भेट : सोमवार, सकाळी अकरा. भूमिका : सासू. गुण : शंभरपैकी ब्याण्णव.