पान दोनशे बारा

"वही अजून उघडलेली नाही ना?" डॉ. टटल यांनी दारातच विचारलं.

"तुम्हीच फोनवर बजावलं होतंत. चर्चच्या माळ्यावर आजीची रोजनिशी सापडल्यापासून पाद्रीबुवांनी दोऱ्याची गाठसुद्धा सोडली नाही," थाइरा एकब्लाड म्हणाली. "आत या आणि बूट झटका. एकोणीस गोष्टी मारून आलात, विसावीच्या आधी कॉफी तरी घ्या."

टटल ओशाळं हसले. इलिनॉयच्या घराघरांत बायबलशेजारी असणाऱ्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती इतिहासतज्ज्ञ म्हणून त्यांच्याकडे तपासायला आली होती. कवी एमिल वीडेन यांनी लिहिलेलं ते लिंकनचं चरित्र. प्रत्येक गोष्टीखाली टटल एक तळटीप घालत होते: 'पुरावा आहे' किंवा 'कवीची कल्पना'. आतापर्यंत तपासलेल्या एकोणीसही गोष्टी कल्पनेच्या निघाल्या होत्या.

विसावी पान दोनशे बारावर होती, आणि ती थाइराच्या आजीची होती.

पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कवी वासा ग्रोव्ह या स्वीडिश लोकांच्या गावात आले, तेव्हा थाइरा सहा वर्षांची होती. ते दारोदार फिरत होते. आजीला, ब्रिटाला, इंग्रजी येत नव्हतं आणि कवींची स्वीडिश लहानपणीच सुटलेली. प्रत्येक दारात विचारायचे तोच प्रश्न त्यांनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारला: एब इथे आला होता का? आजीचा चेहरा उजळला. ती तासभर बोलत राहिली, कवी लिहीत राहिले.

पुस्तकात इतरत्र सगळीकडे 'मिस्टर लिंकन' आहे. या एका पानावर मात्र नुसतं 'एब', अब्राहमचं घरगुती रूप. ना मिस्टर, ना आडनाव. नील्ससारख्या साध्या शेतकऱ्याच्या बायकोनं भावी राष्ट्राध्यक्षाला असं घरच्यासारखं एकेरीत बोलावं, यावरच लोक लुब्ध झाले. वादळात वाट चुकून आलेला, हाडं निघालेला, लांब पायांचा, मोठ्या कानांचा एब. तो आडवा होईना, खाली मान घालून उभाच राहिला. 'देशाचं ओझं अजून यायचं होतं, पण पाठीला ते आधीच ठाऊक होतं,' असं कवींनी लिहिलं होतं. हे वाक्य गावातल्या पोरांना पाठ होतं.

आजीनं एबला सफरचंद दिलं होतं, म्हणून दर हिवाळ्यात तो आला त्या दिवशी गाव एकमेकांना सफरचंद देई. द्यायची रीत आजीनं घालून दिली होती: तळहात सपाट, बोटं जुळवलेली, सफरचंद मधोमध. कुणी मुठीत धरून पुढे केलं तर आजी हातावर चापट मारायची.

पुस्तक निघाल्यावर कवींनी गावाला वाचनालय उभारून दिलं. थाइरानं तिथे एक्केचाळीस वर्षं काम केलं. गावात कवींना नावं ठेवण्याची सोय नव्हती.

"टीप विरुद्ध गेली तर लोक कवींना माफ करतील," तिनं कॉफी ओतत म्हटलं. "कवी म्हटल्यावर चालायचंच. पण आजी खोटारडी ठरेल. आयुष्यात तिनं अंडी मोजतानासुद्धा कधी थाप मारली नाही."

टटल यांनी कप खाली ठेवला. दहाव्या वर्षी ते पोलिओनं सात महिने अंथरुणावर होते, तेव्हा त्यांना कुणीतरी हे पुस्तक आणून दिलं. ते पान त्यांनी इतक्यांदा वाचलं की ते सुटं झालं. इतिहासाकडे ते वळले ते त्या पानामुळे.

"ज्यानं मला वाट दाखवली, त्याच्याच ओळी आयुष्यभर खोडत आलोय मी," ते म्हणाले. "एक तरी गोष्ट शिल्लक राहावी असं वाटतं. पण पुरावा नसेल तर मी तसंच लिहीन, मिस थाइरा."

"लिहायलाच हवं."

तिनं दोरा सोडला. जुनं वळणदार स्वीडिश अक्षर. गावात ते वाचता येणारी ती एकटीच उरली होती. १८५५ सालचा डिसेंबर निघाला. ती बोट ठेवून एकेक ओळ इंग्रजीत सांगू लागली.

"'चौदा तारीख. दिवसभर वादळ. दिवे लावताना दाराशी आवाज झाला. पाहिलं तर एब.'"

टटल यांचं पेन थांबलं. "एब? तसंच लिहिलंय?"

तिनं वही त्यांच्याकडे फिरवली. A-b-e, तेवढी तीन अक्षरं त्यांनाही वाचता आली.

"'हाडं मोजून घ्यावीत असा दिसत होता. थंडीनं थरथरत होता. नील्सनं आपलं कांबळं त्याच्या पाठीवर टाकलं. मी तळहातावर दोन सफरचंदं दिली, ती त्यानं खाल्ली. त्याचे डोळे बघून मला रडू आलं. देवाची दया, आमच्याच दाराशी आला.'"

टटल यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग त्या पानाचा फोटो घेतला आणि आपल्या टिपणात 'पुरावा आहे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. तोवर थाइरानं पान उलटलं होतं. तिचे ओठ हलले आणि मिटले.

"पुढे काही?"

"पुढे घरचीच कामं आहेत."

निघताना त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "आभार कसे मानू कळत नाही. तुमच्या आजीनं कवींना एक शब्दही खोटा सांगितला नव्हता."

"नाही," थाइरा म्हणाली. "एकही नाही."

दार लागल्यावर ती परत टेबलाशी येऊन बसली. वही तशीच उघडी होती.

'पंधरा तारीख. वादळ शमलं. लोहार येऊन गेला. एबच्या चारही खुरांना नवे नाल ठोकले.'