दाराशी टाकलेली गादी

“यांना खळखळून हसताना शेवटचं कधी पाहिलंत?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाइंडरच्या बायकोला प्रश्न झोंबला. ती नवऱ्याची झोप दाखवायला आली होती. हिवाळ्यात त्याला सणसणून ताप आला, आणि ताप उतरल्यापासून तो दिवसाढवळ्या कुठंही झोपू लागला. परवा पुस्तक शिवता शिवता खळीच्या डब्यात कोपर घालून घोरत होता. त्यात हसण्याची चौकशी कशाला?

“सहा महिने झाले,” ती म्हणाली. “पूर्वी हसायचे. आता यांना माझा वीट आलाय.”

नवऱ्यानं मान खाली घातली. मग मात्र तिनं सगळंच ओकून टाकलं. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभरात एकेक नग भेटायचे, आणि संध्याकाळी जेवताना ती त्यांच्या नकला करायची. लेकीची मुरकुंडी वळायची. हे मात्र पहिल्याच वाक्याला भरल्या ताटावरून उठून आतल्या खोलीत जायचे. तिथं चांगला पलंग सोडून दाराशी जमिनीवर गादी टाकलेली. वेगळं अंथरूण! आता याहून स्पष्ट कोण सांगतं? तपासण्या उरकल्या की लेकीला घेऊन भावाकडे निघून जायचं, हे तिनं पक्कं केलं होतं. बॅगही भरून ठेवली होती. तेवढं सोडून बाकी सगळं तिनं सांगितलं.

डॉक्टरबाई उठून नवऱ्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. “एक नक्कल करा बघू.”

“इथं?”

“इथंच.”

तिला रडू येत होतं. पण जित्याची खोड. तिनं पदर डोक्याला मुंडाशासारखा गुंडाळला आणि खिडकीवर रोज येणाऱ्या आजोबांचा चिरका आवाज काढला. “ओ बाई, नऊची बस कितीला सुटते? नऊला? फारच लवकर बुवा. दहाला एखादी नऊची नाही का?”

नवऱ्याचा जबडा लोंबला. मान कलली. ओल्या धोतरासारखा तो खुर्चीवरून घसरला. ती किंचाळली. डॉक्टरबाईंनी त्याला काखेत धरून अलगद खाली निजवलं आणि गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. डोळे मात्र टक्क उघडे होते, बायकोवर खिळलेले, आणि त्यांतून हसू नुसतं सांडत होतं.

अर्ध्या मिनिटात तो कपडे झटकत उठून बसला.

“वाटलंच होतं मला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तापाच्या जंतूंना मारायला शरीराची फौज निघते. कधीकधी ती चुकते. चोर सोडून संन्याशाला फाशी. यांच्या मेंदूत जागं ठेवणाऱ्या मूठभर पेशी होत्या, बहुधा त्याच मारल्या गेल्या. म्हणून ही झोप. आणि हसू आलं की अंगातलं त्राण जातं. दुखणं जन्माचं आहे, पण गोळ्यांनी आवरतं.”

जन्माचं दुखणं ऐकून कुणाचा जीव भांड्यात पडतो? हिचा पडला. तिनं डोक्यावरचा पदर सोडून त्यालाच डोळे पुसले आणि नवऱ्यावर कडाडली.

“तोंड शिवलं होतं का तुमचं? मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तू नकला बंद केल्या असत्यास.”

“म्हणून उठून जायचं? आणि ती गादी?”

तो ओशाळला. डॉक्टरबाईंकडे बघत हळूच म्हणाला, “आधी आडवा व्हायचो, मग हसायचो. पलंगापर्यंत तुझा आवाज नीट येत नाही गं. दाराशी सगळं ऐकू येतं.”