पिठाविना फळी

वाचकहो, एकट्याने राहू लागलेल्या एका मनुष्याने आपल्या स्वयंपाकघराची फळी कशी भरली, एवढाच साधा विषय प्रस्तुत कथेत यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. तरी तो शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

“पोतंभर तांदूळ?” दुकानदाराने डोळे वटारले. “आचारीबुवा, एकटे राहताय की घरी पलटण येणार आहे?”

आचारी ओशाळला. दुकानावरील खोली त्याने नुकतीच भाड्याने घेतली होती. आजवर शेकडो माणसांचा स्वयंपाक करण्यात त्याची वर्षे खर्ची पडली होती. एका पोटास किती लागते, याचा अंदाज त्याच्या हातास राहिलेला नव्हता.

“हे बघा, एका माणसाला एवढे बास,” दुकानदाराने लहानशी पिशवी भरली. “साखर, मीठ, चहा थोडं थोडं घ्या. तेलाची लहान बाटली. संपलं की मी खाली आहेच, कुठे पळून जातोय? आणि पीठ किती देऊ?”

“पीठ नको.”

“अहो, पिठाशिवाय कसलं घर? आज लेक येणार म्हणालात ना?”

“पाव द्या. ताजा असेल तो.”

“लेक इतक्या वर्षांनी येणार आणि तिला माझ्या दुकानातला पाव! धन्य आहे तुमची,” असे म्हणून दुकानदाराने हसत हसत पाव बांधून दिला.

वर येऊन आचाऱ्याने सामान मांडावयास घेतले. पत्र्याचा एकही डबा त्याने विकत घेतला नव्हता. सर्व बरण्या काचेच्या होत्या, जेणेकरून आतील जिन्नस बाहेरून दिसावा. तरीही प्रत्येक बरणीवर त्याने नाव लिहून चिकटविले होते. तांदळावरसुद्धा ‘तांदूळ’ असे लिहिले होते.

बरणीचे झाकण उघडताच ती त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

ती म्हणजे त्याची मयत पत्नी. ती बोलत नसे, रागावत नसे. केवळ मानेपाशी तिचा श्वास जाणवत असे. वळून पाहण्याचे धैर्य त्याला कधीही झाले नव्हते.

“मीठ आहे गं. मीठच आहे,” तो पुटपुटला, आणि चिमूटभर जिभेवर ठेवून त्याने तिची खात्री करून दिली. मग साखर चाखली. मग कच्चे तांदूळही चावून दाखविले. झाकण घट्ट बसले की श्वास नाहीसा होई, आणि दुसरे उघडले की पुन्हा येई.

दुपारी मुलगी आली. मावशीने वाढविलेली ही मुलगी आता चांगली उंच झाली होती. तिने एकवार यावे, म्हणून आचाऱ्याने मावशीकडे कितीतरी निरोप धाडले होते. तिने आपल्या हातचा एक घास खावा, एवढीच त्याची इच्छा उरली होती. तो घास तिने घेतला, तर पुढील दिवस कसेही काढण्याची त्याची तयारी होती.

“ये, बाळे. बस ना.”

“मावशी म्हणत होती, जाऊच नकोस,” मुलगी उंबऱ्यातूनच बोलली. “तुम्हाला सोडलं, हेच तिला पटलेलं नाही.”

“तिचंही बरोबर आहे.”

“तुरुंगात तुम्हीच स्वयंपाक करायचात म्हणे.”

“हो. लोक नावं ठेवत नव्हते. पातेली तेवढी हत्तीएवढी होती.”

तिला किंचित हसू आले, परंतु तिने ते लगेच आवरले. तिची दृष्टी फळीवरून हळूहळू फिरली.

“पीठ नाही ठेवलंत.”

“नाही.”

त्याने भात वाढला, शेजारी पाव ठेवला. तिने हात पुढे करण्यापूर्वीच त्याने तिच्या ताटातील पहिला घास स्वतः खाल्ला. ते पाहून ती खाली बसली. तिने घास उचलला, आणि तो अर्ध्या वाटेवर थांबला.

“आधी एक सांगा. पिठाच्या डब्यात ती पावडर मीच घातली, असं तुम्ही कोर्टात म्हणालात. गोदामातले किडे मारायला रोज तीच पावडर हाताळणारा माणूस चुकेल कसा? जज्जांनीही हेच विचारलं होतं. आईला मारायचंच होतं ना तुम्हाला?”

मानेपाशी श्वास आला. या खेपेस एकही झाकण उघडे नव्हते.

“मीच घातली,” आचारी म्हणाला.

“मुद्दाम? की चुकून?”

“मीच घातली, बाळे. आणखी काय सांगू?”

तिने घास ताटात परत ठेवला. हात धुतले, ओढणीला पुसले आणि ती दारापाशी गेली. तेथे मात्र तिचा स्वर एकाएकी लहान मुलीसारखा झाला.

“बाबा, त्या सकाळचं मला काहीच कसं आठवत नाही हो? कुठे होते मी?”

इतक्या वर्षांत ती त्याला प्रथमच बाबा म्हणाली होती. आचाऱ्याचे ओठ हलले. पाठीमागचा श्वास थांबून ऐकू लागला.

“झोपली होतीस,” तो म्हणाला. “अगदी गाढ.”

मुलीची पावले जिना उतरून गेली.

वास्तविक ती झोपलेली नव्हती. आईला मदत व्हावी, म्हणून बापाने गोदामातून आणून ठेवलेली पिशवी ओढत आणून त्या चिमुरडीने रिकामा डबा काठोकाठ भरला होता. आणि कामावर जाण्याच्या घाईत असलेल्या बापाने तिचे पांढरे झालेले हात धुऊन देत तिला शाबास म्हटले होते.

येथवर सोबत आलेल्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.
एकनाथ गेनू दरेकर