खडूची रेघ

बंद झालेल्या कचराडेपोतून झिरपणारं काळं पाणी जांभ्या दगडाच्या हौदात साठवायचं आणि पंपाने चुन्याच्या टाकीत चढवायचं, हे भागोजीचं काम. पंप जळून तीन दिवस झाले, तरी हौद भरेना. उलट त्याने भिंतीवर ओढलेल्या खडूच्या रेघेपासून पाणी हातभर खाली गेलं. नोकरीच्या धास्तीने गप्प बसलेला भागोजी सारखा रेघेकडे धावायचा. तपासणीला आलेले साहेब मात्र खूश. "हौद रिकामा ठेवलास, शाबास!" तेवढ्यात खालच्या वाडीतून त्याची वहिनी गोदा साहेबांसाठी गूळपाणी घेऊन आली. "यंदा देवी पावली हो, भावोजी! भर वैशाखात आमची विहीर हातभर चढली. पानी जरा कडवट लागतंय, म्हणून गूळ जास्त आणलाय." साहेबांनी पेला ओठांशी नेला. भागोजीने तो हिसकावून हौदात ओतला. "पंप तीन दिस बंद हाय, साहेब. हौदाचं होतं, हौदात गेलं."