उंद्रीची तारीख

आमदार मार्तंडरावांनी परत काळा कोट मागितला आणि मुन्शी पुंजाजींच्या मनात पाल चुकचुकली.

वकिली सोडून साहेबांना सहा वर्षं झाली होती. आमदारकी आली, चिखलीच्या कोर्टाची पायरी सुटली. तरी महिन्याच्या पहिल्या शनिवारी अंगात कोट चढायचा, ड्रायव्हरला सुट्टी मिळायची आणि साहेब स्वतः गाडी काढून उंद्रीला जायचे. कुणाकडे? तर रुखमाबाईकडे!

रुखमाबाई पुंजाजींची मानलेली बहीण. तिला वकिलांकडे आणलं होतं त्यांनीच. पोरगा दीपक खुनाच्या केसमध्ये जन्मठेपेवर गेला, अपील नागपूरला. बाईला अक्षरओळख नाही. तिचं टपालसुद्धा साहेबांच्याच पत्त्यावर यायचं. आणि आता तिच्या तीन एकरांना लागून मोठा रस्ता चालला होता. भाव तर विचारूच नका.

"कोट कायले लागते साहेब?"

"बाईले तारीख सांगाची हाये."

"मंग फाईल मी घेतो."

"नको." साहेबांनी फाईल काखेत मारली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. पुंजाजी एसटीनं मागोमाग निघाले.

रुखमाबाईच्या दारातूनच जे दिसलं, त्यानं त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई शाईचा अंगठा कागदावर टेकवत होती. कागद कोरा.

"पुढची तारीख पडली बाई," साहेब म्हणाले.

"दीपकले सांगजा बाप्पा, माय वाट पाहून राह्यली."

"अंगठा देऊ नको बाई!" पुंजाजी आत घुसले. "तुह्यं वावर लाटाले बसले हे! मीच आणलं तुले यांच्यापाशी, माह्यंच पाप!"

त्यांनी फाईल हिसकली. कोरे कागद, प्रत्येकावर अंगठा. सगळ्यांत खाली एक सरकारी पत्र, घडीवर झिजलेलं.

"पुंजाजी, ते वाचू नका," साहेब हळूच म्हणाले. "हात जोडतो तुमाले."

आमदार मुन्शीला हात जोडतो? म्हणजे नक्कीच काळंबेरं!

"काय लिवलं हाये भाऊ?" रुखमाबाईनं विचारलं.

अडाणी पक्षकारांना कागद वाचून दाखवण्यात पुंजाजींची तीस वर्षं गेली होती. अर्थ डोक्यात शिरायच्या आधी शब्द तोंडातून बाहेर पडायचे, तेही खणखणीत. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि घसा खाकरला.

"कळविण्यात येते की, बंदी दीपक हा दिनांक चार मार्च दोन हजार अठरा रोजी कारागृहाच्या दवाखान्यात मयत झाला आहे."