नकाशातली वेस

तीन वर्षांचा झाला तरी शैलजाच्या अनंताला वाचा फुटली नव्हती. सासूबाई रोज त्याच्या जिभेला वेखंड उगाळून लावत आणि तिला ऐकवत, "बी.ए. माय, अन् मुकं लेकरू!"

एका भर दुपारी नवऱ्याने शाळेतून आणलेला जर्मनीचा नकाशा शैलजा भिंतीवर टांगत होती. अनंताने पूर्वेकडच्या एका बारीक ठिपक्यावर बोट टेकवलं आणि तो घडाघडा बोलू लागला.

"इथं नदी वळते. पुलापाशी मिठाचा बाजार भरे. गाव दोनदा जळलं, मंग लोकायनं दगडी कोट बांधला."

"माय वो! कोनं शिकवलं बे तुले?" म्हणत सासूबाई गल्लीत साखर वाटायला धावल्या.

जिंकली होती शैलजा! सगळ्या चिखली गावाची तोंडं आज बंद झाली होती. फक्त 'आई' ऐकायचं राहिलं होतं.

अनंता तिच्याकडे वळला. "आई, चाल ना. अंधार पडला, ते कोटाची वेस लावून राह्यले. सगळे आत आले, तूच बाहेर हाय."

"आले रे राजा!" ती आनंदाने ओरडली.

नकाशामागच्या भिंतीत वेशीचा जड अडसर तिच्यासाठी सरकला.