पहिलं माप

बावन्न सालच्या दुष्काळातही इंदापूरजवळच्या आमच्या ख्रिस्ती देवळात हंगामाचा सण ठरल्या रविवारी आला. एरवी वेदीपुढं जोंधळ्याची रास पडे आणि शांतवनतात्या ती पायलीनं मोजून देवाला अर्पण करत. यंदा प्रत्येकानं जेमतेम ओंजळभर आणला होता. तात्यांचं तर अख्खं रान करपलं होतं. "ह्यात मोजायचं काय, पाळकसाहेब?" "मोजा, तात्या. आज उपकारस्तुती आहे," देवळाचे पाळक म्हणाले. तात्यांनी रागानंच पायली भरली, ती कशीबशी काठाला लागली. "एक!" ते ओरडले. बायकांतून म्हातारी राहेलबाई हळूच म्हणाली, "तात्या, पयल्या मापाला एक म्हणत न्हायत. लाभ म्हणत्यात." तात्या पायलीकडं बघत राहिले. मग त्यांनी जोंधळा खाली अंथरलेल्या चवाळ्यावर ओतला, पायली पुन्हा भरली. "लाभ," ते गुडघे टेकून म्हणाले. दोन म्हणायला दाणा उरला नव्हता, म्हणून सगळी मंडळी आमेन म्हणाली.